घरगुती संगणक आणि मोफत अँटिव्हायरस

संगणकातला व्हायरस हुडकून काढणारे पहिले प्रोग्राम फुकटच होते, कारण ते विकत घेणारे गिऱ्हाईकच तेव्हा नव्हते. १९७१ साली अमेरिकेतल्या ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा प्रोग्राम लिहिला. अर्पानेट या नेटवर्कला जोडलेल्या एका पीडीपी-१० संगणकावरून तो दुसऱ्यावर सरकत जाई आणि पडद्यावर आपण आल्याची वर्दी देई. नेटवर्कवरून पहिली ई-मेल पाठवणारे रे टॉमलिन्सन याच कंपनीत होते. त्यांनी ‘रीपर’ लिहिला. तो क्रीपरच्या मागावर फिरे आणि सापडला की पुसून टाकी. नुकसान करण्याचा हेतू कोणाचा नव्हता आणि यात पैशाचा संबंधही कुठे आला नाही.

घरगुती संगणकाला व्हायरस लागला तो फ्लॉपीच्या वाटेने. १९८२ साली रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाने अ‍ॅपल-२ साठी ‘एल्क क्लोनर’ लिहिला. चार वर्षांनी लाहोरमधल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांचा ‘ब्रेन’ आला आणि आयबीएम पीसीही या साथीत सापडला. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तो बसे. कोणी तो सेक्टर वाचायला गेले, तर बाजूला ठेवलेली मूळ प्रत पुढे करून स्वतः लपे. त्यात अल्वी बंधूंनी आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले होते, आणि त्या नंबरांवर पुढे परदेशांतून फोन आले.

भारतातही याच काळात व्हायरस तयार होऊ लागले होते. जून १९९० मध्ये इथे सापडलेल्या एका व्हायरसाचे नाव जगभरच्या याद्यांमध्ये ‘जोशी’ असे नोंदले गेले. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये आणि हार्ड डिस्कच्या पार्टिशन टेबलमध्ये शिरत असे. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो मेमरीत टिकून राही. पाच जानेवारीला मात्र तो उघडा पडे. पडद्यावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करण्याचा हुकूम येई आणि या शुभेच्छा दिल्याशिवाय संगणक पुढे हलत नसे. त्या काळच्या मानाने हा व्हायरस चांगलाच धूर्त होता. दूषित मशीनवर तपासणी केली तर तो सापडत नसे, म्हणून आधी स्वच्छ, ‘राइट प्रोटेक्ट’ केलेल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करावा लागे. अशी एक फ्लॉपी लेबल लावून खणात जपून ठेवणे ही अनेक वर्षे संगणक दुरुस्त करणाऱ्यांची पहिली शिस्त होती.

अँटिव्हायरसला किती जमेल याची सीमाही १९८० च्या दशकातच आखली गेली. फ्रेड कोहेन यांनी १९८३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी असताना व्हायरसांचे पहिले शिस्तशीर प्रयोग केले. पुढे त्यांनी सिद्ध केले की सगळे व्हायरस अचूक ओळखेल आणि निरुपद्रवी प्रोग्रामवर कधीही आळ घेणार नाही, असा प्रोग्राम लिहिताच येणार नाही. मोफत असो वा विकतचा, प्रत्येक अँटिव्हायरस या सीमेच्या अलीकडचाच आहे. त्यामुळे ‘सर्वांत चांगला कोणता’ या प्रश्नाला कायमचे उत्तर कधीच मिळालेले नाही. कोणाच्या चुका कुठल्या प्रकारच्या आणि त्या किती लवकर सुधारल्या जातात, एवढेच तपासता येते.

१९८७ पासून अँटिव्हायरसचा धंदा उभा राहू लागला आणि त्याच्या देवाणघेवाणीच्या रीतीही तेव्हाच ठरल्या. जॉन मॅकफी यांनी आपले ‘व्हायरसस्कॅन’ टेलिफोनवरून जोडल्या जाणाऱ्या बुलेटिन बोर्डांवर शेअरवेअर म्हणून मोकळे सोडले. कोणीही उतरवून घ्यावे, वापरून पाहावे, पटले तर पैसे पाठवावेत. घरी वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाठवले नाहीत. पण घरी वापरून ओळखीचा झालेला प्रोग्राम लोक ऑफिसात मागू लागले, आणि कंपन्यांना परवाना घेणे भाग होते. आइसलँडमधल्या फ्रिडरिक स्कुलासन यांच्या ‘एफ-प्रॉट’ने हाच व्यवहार उघडपणे मांडला: डॉसवरची आवृत्ती खाजगी वापराला मोफत, कंपन्यांना पैसे देऊन. घरच्या माणसाचा खर्च ऑफिसने उचलायचा, ही मोफत अँटिव्हायरसमागची पहिली आणि सर्वांत सरळ व्यवस्था.

मार्च १९९२ मध्ये ‘मायकेलअँजेलो’ने या धंद्याला भीतीची ताकद दाखवून दिली. सहा मार्चला हा व्हायरस हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग खोडून टाकणार होता. लाखो संगणक बंद पडतील, असे भाकीत वर्तमानपत्रांतून आणि टीव्हीवरून सांगितले गेले. प्रत्यक्षात आकडा त्या मानाने फारच लहान निघाला. दरम्यान सिमँटेकने खास त्या एका व्हायरसासाठी ‘नॉर्टन’ची आवृत्ती फुकट वाटली आणि इतरांचीही विक्री धडाक्यात झाली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने डॉस ६.० सोबत सेंट्रल पॉइंट कंपनीकडून घेतलेला एक अँटिव्हायरस दिला. परंतु नव्या व्हायरसांच्या याद्या घरोघरी पोहोचवण्याची सोयच तेव्हा नव्हती. जुनी यादी घेऊन बसलेला अँटिव्हायरस काही महिन्यांत निकामी होतो, हे लोकांना तेव्हा चांगलेच कळले.

मोफत अँटिव्हायरसचे खरे माहेरघर मात्र ठरले ते मध्य युरोप. १९८८ मध्ये प्रागच्या एका गणितयंत्र संशोधन संस्थेत काम करणाऱ्या पावेल बाउडिश यांना एका फ्लॉपीवर ‘व्हिएन्ना’ हा व्हायरस सापडला. तो काढण्यासाठी त्यांनी प्रोग्राम लिहिला आणि सहकारी एदुआर्द कुचेरा यांच्यासह ‘आल्विल’ ही संस्था काढली. चेकोस्लोव्हाकियात त्या वेळी खाजगी कंपनीला मुभा नव्हती, म्हणून ती सहकारी तत्त्वावर निघाली. तिचाच पुढे ‘अव्हास्ट’ झाला. १९९१ मध्ये ब्रनो शहरात ‘ग्रिसॉफ्ट’ स्थापन झाली, तिचा ‘एव्हीजी’. जर्मनीतल्या टेटनांग गावच्या कंपनीने ‘अँटिव्हिर’ काढला, तोच लाल छत्रीचा ‘अविरा’. या तिघांनाही अमेरिकन कंपन्यांसारखा जाहिरातींवर खर्च करणे परवडणारे नव्हते. आल्विल तर २००१ च्या सुमारास आर्थिक अडचणीत होती. तेव्हा घरगुती आवृत्ती फुकट देण्याचा निर्णय झाला. २००४ पर्यंत अव्हास्टचे वापरकर्ते दहा लाखांवर गेले आणि २००६ पर्यंत दोन कोटींवर.

या निर्णयामागचा हिशेब चोख होता. प्रोग्रामची एक प्रत जास्त वाटली तर कंपनीचा खर्च जवळजवळ वाढत नाही. शंभरांतल्या दोघा-चौघांनी जरी फायरवॉलसह मिळणारी विकतची आवृत्ती घेतली, तरी कोट्यवधींच्या गर्दीत ती रक्कम मोठी होते. त्याहून मोलाची दुसरी गोष्ट होती. कुठल्याशा गावातल्या संगणकावर नवा, अनोळखी व्हायरस दिसला की त्याचा नमुना कंपनीकडे पोहोचे. जितके फुकट वापरणारे जास्त, तितके पहारे जास्त. ज्यांनी कधी एक पैसा दिला नाही, त्या घरांतल्या नमुन्यांमधून पैसे देणाऱ्या बँका आणि कंपन्या सुरक्षित होत गेल्या, हे या इतिहासात पुरेसे बोलले जात नाही.

महाराष्ट्रात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर, रेडिओ आणि पुढे संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच जास्त निघतात हे लक्षात आल्यावर, संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय काटकर यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहायला घेतले. १९९५ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही कंपनी नोंदली गेली. तिचे उत्पादन ‘क्विक हील’ इतके रुळले की २००७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. क्विक हील विकत मिळे. त्याचा खोका संगणक असेंबल करून देणाऱ्या दुकानदाराकडून येई, आणि अडले तर मराठीत बोलणारा तोच माणूस घरी येई. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या विदेश संचार निगमच्या डायल-अप इंटरनेटवर काही मेगाबाइटचा अपडेट उतरवणे म्हणजे फोनचे बिल वाढवणे होते. अशा परिस्थितीत परदेशी कंपनीच्या फुकट प्रोग्रामपेक्षा गल्लीतल्या माणसाची हमी लोकांना स्वस्त वाटली, आणि ती समजूत चुकीची नव्हती.

ब्रॉडबँड आल्यावर हे चित्र पालटले. एव्हीजी आणि अव्हास्ट घरोघरी दिसू लागले. विंडोज अस्सल आहे की चोरीची, हे ते विचारत नसत. अव्हास्टला वर्षातून एकदा ई-मेल देऊन नोंदणी नव्याने करावी लागे, तेवढी केली की काम झाले. पण या काळात आपल्याकडच्या घरगुती संगणकांचा मुख्य शत्रू इंटरनेटवरून येत नव्हता, तो पेनड्राइव्हवरून येत होता. सायबर कॅफे, फोटो स्टुडिओ, कॉलेजची लॅब, प्रोजेक्टची प्रिंट काढून देणारे झेरॉक्सचे दुकान, अशा ठिकाणी एकच पेनड्राइव्ह दिवसभरात अनेक संगणकांना लागे.

तो प्रकार असा चाले. पेनड्राइव्हवर ‘ऑटोरन’ नावाची एक छोटी फाइल दडवलेली असे. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये जाऊन ड्राइव्हच्या चित्रावर डबल क्लिक केले की विंडोज ती फाइल वाची आणि तिच्यात नेमून दिलेला प्रोग्राम चालवी. तो प्रोग्राम मग ड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवून त्यांच्याच नावाच्या, फोल्डरचेच चित्र लावलेल्या ‘ईएक्सई’ फाइली तयार करी. विंडोजमध्ये फाइलींची शेपटे मुळात झाकलेली असल्याने ‘फोटो’ नावाचा फोल्डर आणि ‘फोटो’ नावाचा प्रोग्राम यांतला फरक डोळ्यांना दिसत नसे. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठी अपडेट देऊन पेनड्राइव्हवरचे ऑटोरन बंद केले. त्यानंतर याच युक्तीने शॉर्टकटचे रूप घेतले, आणि ‘शॉर्टकट व्हायरस’ हे नाव शाळकरी मुलांच्याही तोंडी बसले.

मोफत अँटिव्हायरसांची एक उणीव इथे फार महागात पडली. ते दूषित फाइल पुसत, पण लपवलेले खरे फोल्डर परत दिसते करत नसत. स्कॅन झाल्यावर पेनड्राइव्ह रिकामा दिसे, माणूस ‘डेटा उडाला’ म्हणून हळहळे आणि बऱ्याचदा स्वतःच फॉरमॅट मारून टाकी. वास्तविक काळ्या कमांड खिडकीत ‘अ‍ॅट्रिब’ या डॉसच्या जुन्या आज्ञेने लपवण्याच्या खुणा काढल्या की लग्नाचे फोटो, प्रबंध, हिशेबाच्या वह्या जशाच्या तशा परत येत. ही एक आज्ञा ठाऊक असलेल्या माणसांनी त्या वर्षांत कितीतरी घरांचा ऐवज वाचवला.

फुकट देणाऱ्या कंपन्यांची मिळकत मात्र आता विकतच्या आवृत्तीपुरती राहिली नव्हती. अँटिव्हायरस बसवताना खूण न काढल्यास सोबत टूलबार, शोधयंत्र किंवा दुसरा ब्राउझर येऊन बसे. अव्हास्टबरोबर गूगल क्रोम आला, अविराबरोबर ‘आस्क’चा टूलबार. ज्या गोष्टी बसवू नका असे अँटिव्हायरसनेच सांगायचे, त्या तोच बसवू लागला. घरच्या माणसाचा विश्वास प्रथम ढळला तो इथे, आणि तो पुरता परत आलेला नाही.

व्हायरसच्या भीतीवर बनावट अँटिव्हायरसांचा धंदाही फोफावला. वेबपान उघडताच ‘तुमच्या संगणकात शेकडो व्हायरस सापडले’ असा लाल इशारा झळके, फुकट स्कॅनचा देखावा होई आणि साफ करायचे तर पैसे भरा, अशी मागणी येई. ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ ही त्यांतली कुप्रसिद्ध नावे. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ या टोळीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसवले गेल्याचे आयोगाने म्हटले. अस्सल कंपन्याही चुका करत होत्याच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एव्हीजीने विंडोज एक्सपीच्या ‘यूझर३२’ या अत्यावश्यक फाइलीलाच ट्रोजन ठरवले. ती काढून टाकायला होकार दिलेले संगणक पुन्हा सुरूच होईनात. कोहेन यांच्या सिद्धांतातला ‘निरुपद्रवी प्रोग्रामवर आळ’ तो हाच.

मायक्रोसॉफ्ट या क्षेत्रात दबकत उतरली. २००३ मध्ये तिने रुमानियाच्या ‘गेकॅड’ कंपनीचे अँटिव्हायरस तंत्रज्ञान विकत घेतले. २००६ मध्ये ‘वनकेअर’ ही वार्षिक वर्गणीची सेवा काढली, पण ती चालली नाही. २९ सप्टेंबर २००९ रोजी ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ मोफत उपलब्ध झाला. त्यात जाहिरात नव्हती, टूलबार नव्हता, वर्गणीचा तगादा नव्हता. एकच अट होती: विंडोज अस्सल हवी. ज्या देशांत चोरीच्या प्रती घरोघरी होत्या, तिथे ही अट मोठी होती. मोफत राखण ज्यांना सर्वांत गरजेची, तीच घरे बाहेर राहिली. हा निर्णय अदूरदर्शी होता, कारण एका घरातला दूषित संगणक शेजारच्या अस्सल विंडोजवाल्यालाही सुखाने राहू देत नाही.

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत हाच अँटिव्हायरस ‘डिफेंडर’ या नावाने संगणकातच बसवून येऊ लागला. पण त्याच वर्षाच्या शेवटी अँटिव्हायरसांच्या चाचण्या घेणाऱ्या जर्मनीच्या ‘एव्ही-टेस्ट’ संस्थेने इसेन्शियल्सचे प्रमाणपत्र काढून घेतले, कारण नवे, अनोळखी व्हायरस पकडण्यात तो मागे पडला होता. पुढच्या काही वर्षांत मायक्रोसॉफ्टने जगभरच्या विंडोजमधून येणाऱ्या माहितीवर चालणारी ‘क्लाउड’ तपासणी जोडली. दशकाच्या अखेरीस त्याच एव्ही-टेस्टमध्ये डिफेंडरला अठरापैकी अठरा गुण मिळू लागले. मायक्रोसॉफ्ट स्पर्धेची गळचेपी करत असल्याची तक्रार कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने २०१६ मध्ये रशियात आणि २०१७ मध्ये युरोपीय संघाकडे केली. मायक्रोसॉफ्टने काही बदल मान्य केल्यावर ती मागे घेतली गेली. बाहेरचा अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, आणि त्याची मुदत संपली की परत कामाला लागतो. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस जागते ठेवल्यास ते एकाच फाइलीला हात घालून संगणक ठप्प करतात, त्यामुळे ही सोय महत्त्वाची आहे.

विंडोजमध्येच पहारा आल्यावर इतर मोफत कंपन्यांची मिळकत आणखी आडवाटेला गेली. २०१५ मध्ये एव्हीजीने आपल्या गोपनीयता धोरणात स्पष्ट लिहिले की, नाव-पत्ता वगळून ब्राउझिंगचा आणि शोधाचा तपशील विकता येईल, म्हणजे प्रोग्राम फुकट ठेवता येईल. निदान ते लिहिले तरी होते. अव्हास्टच्या ‘जंपशॉट’ या उपकंपनीचा व्यवहार जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केला. कोट्यवधी घरांतून कोणत्या पानावर कधी क्लिक झाले याची माहिती गोळा होऊन शंभराहून अधिक कंपन्यांना विकली जात होती. तीत नावे नव्हती, पण प्रत्येक संगणकाची कायमची खूण होती, आणि तिच्यावरून माणसापर्यंत पोहोचणे अवघड नव्हते. जंपशॉट लगेच बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आणि असा डेटा जाहिरातींसाठी न विकण्याचा आदेश लादला. पाळत रोखतो असे सांगणाऱ्या प्रोग्रामनेच पाळत ठेवावी, हा या क्षेत्राच्या इतिहासातला सर्वांत गंभीर विश्वासघात आहे.

निवडीचे मैदानही आता दिसते तितके मोठे उरलेले नाही. २०१६ मध्ये अव्हास्टने एव्हीजी विकत घेतली. २०२१ मध्ये नॉर्टनच्या मालकांनी अविरा घेतली आणि २०२२ मध्ये अव्हास्टही. या एकत्रित कंपनीचे नाव ‘जेन डिजिटल’. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी, अविरा या चारांत तुलना करणारा माणूस एकाच मालकाची चार नावे पाहत असतो. वेगळ्या व्यवस्थेवर चालणारे पर्याय थोडेच आहेत. पोलंडच्या टोमाश कोइम यांनी सुरू केलेला ‘क्लॅमएव्ही’ हा मुक्तस्रोत प्रकल्प आज सिस्को सांभाळते. मेल सर्व्हरवर तो उत्तम, पण विंडोजवर सतत जागा राहणारा पहारेकरी म्हणून तो मुळात लिहिलेला नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तिथे क्विक हील, चेन्नईचे के-७ आणि मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचे ई-स्कॅन यांची दूषित संगणक साफ करणारी साधने मोफत मिळतात, आणि ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सी-डॅकने तयार केलेले पेनड्राइव्ह आवरणारे साधनही. यांचा खर्च करदात्यांच्या आणि कंपन्यांच्या सहभागातून निघतो. ही साधने साफसफाईसाठी आहेत, चोवीस तासांच्या राखणीसाठी नव्हेत.

त्याच वर्षी, १२ मे २०१७ रोजी, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ‘वॉनाक्राय’ पसरला आणि अँटिव्हायरसच्या निवडीपेक्षा मोठा प्रश्न समोर आला. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तो न घेतलेल्या संगणकांना वॉनाक्रायने गाठले. ब्रिटनची आरोग्यसेवा त्याने विस्कळीत केली. एक्सपीचा वाढीव आधारही तर ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता, आणि इसेन्शियल्सच्या याद्या त्यानंतर जुलै २०१५ पर्यंतच आल्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा-अपडेटची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली, तर त्यावरच्या डिफेंडरला नव्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत. म्हणजे मधल्या दोन वर्षांत हिरवी खूण दाखवणारा, ताज्या यादीचा मोफत अँटिव्हायरस अशा विंडोजवर चालत असेल, जिच्यातली नवी भगदाडे कोणी बुजवत नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० चिप आणि ठरावीक प्रोसेसरांची अट घातली आहे. ती पुरी न करणाऱ्या जुन्या संगणकांपुढे वाढीव मुदतीनंतर नवे मशीन घेणे, लिनक्स बसवणे किंवा इंटरनेट तोडून वापरणे, हे तीनच मार्ग उरतात.